वजनाचं इंजेक्शन सुरू केलंय, मळमळ आणि घाणेरडे ढेकर.. अजून कोणी घेतंय का?

सोनचाफा

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस वाचतेय पण लिहितेय पहिल्यांदाच, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वय ४९, उंची पाच फूट दोन, वजन ९४ होतं. शुगर आठ वर्षांपासून, बीपी चार वर्षांपासून, गुडघे तर विचारूच नका. आमच्या डॉक्टरांनी टिर्झेपॅटाइडचं इंजेक्शन सुरू केलं, आठवड्यातून एक. पहिले चार आठवडे २.५ एमजी होतं, त्यात काहीच त्रास झाला नाही, मी तर नवऱ्याला म्हटलं उगाच लोक बोंब मारतात. मग ५ एमजी केलं आणि आता तिसरा आठवडा चालू आहे, आणि जे काय सुरू झालंय ना..

रविवारी संध्याकाळी इंजेक्शन घेते. सोमवारी सकाळी डोंबिवलीहून लोकल पकडली की मुंब्र्यापर्यंत तोंडाला पाणी सुटायला लागतं, ते मळमळीचं पाणी. गेल्या सोमवारी ठाण्याला उतरून बाकावर बसले वीस मिनिटं, शेजारची मुलगी विचारत होती काकू पाणी देऊ का. त्यात ढेकर. नुसते ढेकर असते तर चाललं असतं हो, पण अक्षरशः सडक्या अंड्याचा वास, ऑफिसात तोंडावर रुमाल धरून बसते. आणि पोट साफ म्हणाल तर चार चार दिवस नाही.

दुपारी चारच्या सुमारास वेगळंच, हात थरथरतात, घाम फुटतो, काही सुचत नाही. दोन बिस्किटं आणि चहा घेतला की अर्ध्या तासात बरं वाटतं. आता खाणंच निम्म्यावर आलंय म्हणून अशक्तपणा असेल असं मी धरून चाललेय.

वजन मात्र सात आठवड्यांत ६ किलो कमी झालंय त्यामुळे सोडवत पण नाही. डॉक्टरांची पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. फोन केला तर तिथली मुलगी म्हणते "नॉर्मल आहे मॅडम, सगळ्यांना होतं". बाकी गोळ्या जुन्याच चालू आहेत, मेटफॉर्मिन दोन वेळा, सकाळची ती छोटी शुगरची गोळी आणि बीपीची एक.

कोणी घेतंय का हे? काय खाता? का बंद करू सरळ?

पेठेतला

ताई, चौदा महिने झाले मला, माझं सेमाग्लुटाइड आहे म्हणजे तुमच्यापेक्षा वेगळं औषध पण पोटाचे चाळे तेच. ११२ वरून ९३. त्यामुळे जे सांगतोय ते सगळं स्वतः ओकून शिकलेलं आहे.

आधी एक विचारतो, रविवारी दुपारी जेवायला काय असतं? कारण माझं गणित असं होतं की शनिवारी रात्री इंजेक्शन आणि रविवारी सकाळी मिसळ. पहिल्या महिन्यात मिसळ पचली म्हणून दुसऱ्या महिन्यात पण खाल्ली, एक्स्ट्रा तर्री मारून, आणि सोमवारी दुपारी ती जशीच्या तशी बाहेर आली. म्हणजे चोवीस तास झाले तरी मटकी ओळखू येत होती हो! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ही लोकं जे म्हणतात जठर हळू रिकामं होतं ते म्हणजे नक्की काय. खालचं फाटक उशिरा उघडतंय आणि आपण वरून जुन्या हिशोबाने भरत राहतो, मग ते आत पडून राहतं, आंबतं, त्याचेच ते ढेकर. तेल-तूप सगळ्यात उशिरा पुढे सरकतं, म्हणून तळलेलं सगळ्यात वाईट.

माझं आता असं झालंय की ताट बदललं. घरात मुलांची छोटी स्टीलची ताटली होती त्यात जेवतो. एक पोळी किंवा अर्धी भाकरी, भाजी, वाटीभर घट्ट वरण, संपलं. आणि पोट भरल्यावर थांबायचं नाही, "अजून दोन घास चालतील" असं वाटतंय तिथेच थांबायचं, कारण भरल्याचा निरोप या औषधात एकदम येतो, घास तोंडात असताना येतो, आणि तो पुढचा घास गिळला की मेलात. सुरुवातीला मला हे जमायचंच नाही, पानात टाकायचं नाही असं आईनं लहानपणापासून डोक्यात घातलेलं. आता वाढूनच कमी घेतो.

इंजेक्शननंतरचे दोन दिवस माझा मेन्यू म्हणजे मऊ भात, मेतकूट, ताक (आंबट नको), कधी मुगाची पातळ खिचडी. तूप चमचाभरच. गरमागरम फोडणीच्या वासानेच मळमळतं तेव्हा गार किंवा कोमट खाल्लेलं बरं पडतं. सकाळी उपाशीपोटी कडक चहा बंद, आधी काहीतरी कोरडं, भाकरीचा पापुद्रा किंवा चार लाह्या, मग चहा. आल्याचा तुकडा मीठ लावून खिशात ठेवा लोकलमध्ये, मला तरी उपयोग होतो. जेवता जेवता ढसाढसा पाणी पिऊ नका, ते मधल्या वेळात घोट घोट. आणि रात्री साडेनऊला जेवून दहाला आडवं व्हायचं हे बंद करा, घशाशी येतं सगळं.

अजून एक, इंजेक्शनचा वार बदला. मी शुक्रवार रात्र केलीय, जो काय धिंगाणा व्हायचा तो शनिवार-रविवार घरी होतो, सोमवारी लोकल पकडायला माणसात आलेलो असतो. टिर्झेपॅटाइडला वार बदलताना दोन डोसमध्ये कमीत कमी तीन दिवसांचं अंतर हवं असं आहे, तुमचं रविवार ते शुक्रवार पाच दिवस होतात. तरी एकदा विचारून घ्या.

बंद करू का म्हणाल तर, सेमाग्लुटाइडची जी मोठी चाचणी झाली होती ६८ आठवड्यांची, २०२१ साली छापून आली, त्यात शंभरातल्या ४४ जणांना मळमळ झाली होती. ज्यांना औषधच नव्हतं, नुसतं लुटुपुटूचं इंजेक्शन दिलं, त्यांच्यातल्या पण १७ जणांना झाली, हे वाचून मी फार हसलो होतो. पण पोटाच्या त्रासापायी औषध सोडून दिलेले शंभरात पाच सुद्धा नव्हते. डोस वाढला की होतं, मग हळूहळू बसतं.

शिवनेरी_वारा

कशाला हे सुया टोचून घ्यायचे धंदे? आमचे आजोबा नव्वदीपर्यंत रोज शेतात, भाकरी कांदा खाऊन. रोज २५ सूर्यनमस्कार आणि रात्रीचं जेवण बंद, फुकटात वजन उतरतं. कंपन्यांचे खिसे भरताय.

पेठेतला

@शिवनेरी_वारा आजोबांना नमस्कार सांगा. त्यांची शुगर आठ वर्षांची नव्हती आणि ते डोंबिवली लोकलला लटकत नव्हते. ताईंनी मळमळीवर उपाय विचारलाय, घ्यावं की नाही हे नाही विचारलं.

मेडिकलवाला_सांगली

वरच्या वादात पडत नाही. ताई, तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली, ते दुपारी चारचं थरथरणं.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, पण काउंटरमागे बावीस वर्षं उभा आहे. "सकाळची छोटी शुगरची गोळी" म्हणजे ग्लिमेपिराइड आहे का? पट्टीच्या मागे नाव वाचा आणि इथे लिहा. का विचारतोय सांगतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या शुगर किती आहे हे न बघता स्वादुपिंडाला पिळतात. तुम्ही आधी चार पोळ्या खात होता तेव्हा त्या गोळीला काम होतं. आता तुम्ही निम्मं खाताय, वजन उतरलंय, वर हे इंजेक्शन शुगर खाली आणतंय, आणि गोळी मात्र जुन्याच डोसची. मग दुपारचा डबा अर्धा परत आला की चारला शुगर आपटणार. थरथर, घाम, न सुचणं, आणि गोड खाल्लं की बरं वाटणं, ही अशक्तपणाची लक्षणं नाहीत, हे शुगर उतरल्याचं चित्र आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू, या इंजेक्शनसोबत इन्सुलिनचा डोस पुन्हा बघावाच लागतो.

घरी ग्लुकोमीटर असेल तर उद्या ऑफिसला न्या. थरथरायला लागलं की बिस्किट खायच्या आधी बोट टोचा. ७० च्या खाली आलं तर तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचा, अजून खालीच असेल तर पुन्हा साखरपाणी. मीटर नसेल तर तपासायची वाट बघत बसू नका, आधी साखर. बिस्किटाने बरं वाटतं पण हळू, त्यात मैदा आणि तूप असतं, आणि तुमचं जठर आधीच सुस्त आहे. शुगर जागेवर आली की मग काहीतरी खा. आणि तीन आठवडे थांबू नका, आकडा हातात घेऊन डॉक्टरांना फोन करा. फोनवरच्या मुलीला "मळमळतंय" सांगू नका, "शुगर इतकी उतरली" असं सांगा, लगेच जोडून देईल. गोळी स्वतःच्या मनाने कमीजास्त करू नका, ते त्यांना ठरवू दे, पण आजच.

बीपीचंही तेच. खाटेवरून उठताना डोळ्यासमोर अंधारी येते का? वजन उतरलं, पाणी कमी पितोय, उलट्या झाल्या, आणि बीपीची गोळी पूर्वीचीच, त्यात ती लघवी वाढवणारी असेल तर आणखी. बीपी मोजून ठेवा.

आता मळमळीकडे. ५ एमजी झेपत नसेल तर ७.५ ला जायची घाई नाही. "किमान चार आठवडे" असं लिहिलेलं असतं, त्यातलं किमान लोक वाचतच नाहीत. एका डोसवर दोन-तीन महिने राहणारे कितीतरी आहेत आणि वजन उतरतंय तर वाढवायचं कशाला? माझ्याकडे एक गृहस्थ येतात, मित्राने १० एमजी घेतलं म्हणून यांनाही १० हवं, जणू स्कूटर सोडून बुलेट घ्यायचीय.

उलटी थांबवायची गोळी लोक सर्रास मागायला येतात, ऑनडॅन्सेट्रॉन. ती मळमळ थांबवते पण पोट आणखी बांधते. चार दिवस संडास नाही म्हणणाऱ्याने ती रोज घेतली तर आगीतून फुफाट्यात. आणि इसबगोलबद्दल, चमचाभर इसबगोल अर्ध्या कपात कालवून गिळलं आणि वर पाणी नाही, तर ते आत जाऊन गोळा होऊन बसतं. मोठा ग्लास पाणी, त्यावर आणखी एक. दिवसभर मिळून दोन लिटर पोटात जात नसेल तर इसबगोलच्या नादी लागूच नका, लॅक्ट्युलोज (पोट साफ करणारं सिरप) किंवा पाण्यात मिसळायच्या पावडरी असतात त्या विचारून घ्या. भिजवलेल्या काळ्या मनुका, पपई, शिजवलेली पालेभाजी चालेल. कच्च्या कोशिंबिरीचा डोंगर या दिवसांत नको, तोही आत पडून राहतो.

एखादा डोस राहिला तर टिर्झेपॅटाइडचा नियम, चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, त्याहून उशीर झाला तर सोडून द्या आणि पुढच्या ठरलेल्या वारी घ्या. दोन डोस एकदम कधीही नाही. मौंजारो म्हणजे टिर्झेपॅटाइड आणि वेगोव्ही म्हणजे सेमाग्लुटाइड, दोन्ही २०२५ मध्येच आपल्याकडे आली, मार्च आणि जून, त्यामुळे लोक दोघांचे नियम एकमेकात मिसळतात. आपल्या खोक्यातला कागद वाचा.

अनामिका_ठाणे

सांगलीकर दादा, नमस्कार तुम्हाला, मी पण ती पोस्ट वाचली आणि मला पण अशक्तपणाच वाटला होता.

मी टिर्झेपॅटाइडवर नऊ महिने, वय ३८, शुगर नाही, पीसीओडी. माझी मळमळ दुसऱ्या महिन्यात गेली पण चौथ्या महिन्यात केस. अहो पोछा मारताना मुठीत यायचे. बाथरूमची जाळी रोज तुंबायची, नवरा म्हणाला मांजर पाळलंय का. त्वचारोगवाल्या डॉक्टरांनी सांगितलं की वजन झपाट्याने उतरलं की शरीर घाबरतं आणि केस एकदम विश्रांतीला पाठवतं, ते दोन-तीन महिन्यांनी गळतात, बाळंतपणानंतर गळतात तसेच. मुळं शाबूत असतात, परत येतात. माझे आता कपाळावर छोटे छोटे उभे राहिलेत, हनुमानाच्या शेपटीसारखे. पण तोपर्यंत त्यांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, थायरॉइड तपासायला लावलं आणि बी१२ तळाला होतं.

मुख्य म्हणजे प्रोटीन. आम्ही शाकाहारी, त्यात भूक नाही, मग दिवसभरात काय जातं तर अर्धी पोळी, दोन चमचे भात आणि चहा. याने वजन उतरतं पण त्यात मांस पण उतरतं, जिने चढताना मांड्या लटपटतात. आता मी ताटात आधी प्रोटीन संपवते, मग भाकरीला हात लावते. सकाळी मुगाच्या डाळीचं धिरडं पनीर किसून घालून, दुपारी घट्ट वरण, मोड आलेली मटकी पण शिजवलेली, संध्याकाळी दही. १०० ग्रॅम पनीरमधून साधारण १८ ग्रॅम मिळतं. सोया चंक्स सगळ्यात स्वस्त पण मला इंजेक्शनच्या आठवड्याच्या सुरुवातीला त्याचा वासच सहन होत नाही, गुरुवार-शुक्रवारी खाते.

उपासाचं पण सांगून ठेवते. सोमवारी चतुर्थी आली, रविवारी इंजेक्शन, दिवसभर काही नाही आणि रात्री चंद्रोदयानंतर साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, तूप, मोदक. रात्रभर संडासात बसून होते, वरून खालून. आता चतुर्थीला राजगिऱ्याची लाही आणि ताक घेते, दुपारीच घेते, आणि बाप्पाला सांगते सांभाळून घे. सोनचाफाताई तुम्ही शुगरवाल्या, तुम्ही तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करूच नका, दादांनी लिहिलंय त्या गोळीवर तर नाहीच नाही.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा, "एवढंसंच? माझ्या हातचं आवडत नाही का आता?" त्यावर अजून औषध निघालेलं नाही.

आणि हो, माझ्या वयाच्या कोणी वाचत असतील तर, टिर्झेपॅटाइडने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो, सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवला की पुन्हा चार आठवडे दुसरी काळजी घ्यायची. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मी कागदावर वाचलं. बाळाचा विचार असेल तर हे औषध आधीच थांबवायचं असतं, किती आधी ते डॉक्टरांना विचारा.

नदीकाठचा_बबन

मी स्वतः घेत नाही, साडूची गोष्ट सांगतो. त्याने डॉक्टर वगैरे न विचारता ओळखीच्या एका जिमवाल्याकडून इंजेक्शनं घेतली. पाच महिन्यांत बावीस किलो उतरला, लग्नसमारंभात मिरवून झालं. मग एका रात्री जेवल्यावर पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागलं, उजवीकडे, फासळ्यांच्या खाली. गॅस असेल म्हणून ओवा हिंग चावून झोपला. चार-पाच दिवस असंच, जेवला की दुखायचं. सहाव्या दिवशी कळ पाठीत गेली, खांद्याखाली, थंडी वाजून ताप, उलट्या थांबेनात, बायकोच्या लक्षात आलं की डोळे पिवळे दिसतायत. सोनोग्राफी केली तर पित्ताशय खड्यांनी भरलेलं आणि एक खडा नळीत सरकलेला, स्वादुपिंडाला सूज. अकरा दिवस दवाखान्यात. डॉक्टरांनी सांगितलं वजन झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते, या औषधांनीही वाढते.

त्यात आणखी गंमत म्हणजे ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं काही औषधं चालू आहेत का, तर हा नाही म्हणाला, लाज वाटली म्हणून. बायकोने सांगितलं. मॅडम भडकल्याच, म्हणाल्या, तुम्ही रात्रीपासून उपाशी असलात तरी या इंजेक्शनने पोटात अन्न राहिलेलं असू शकतं आणि भूल दिल्यावर ते फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतेल. त्यामुळे दाताचं असो मोतीबिंदू असो, कोणी भूल देणार असेल तर आधी सांगा.

मळमळ, ढेकर, बद्धकोष्ठ हे घरचं. पण पोटाच्या वरच्या बाजूला न थांबणारी कळ, ती पाठीत जात असेल, ताप, पिवळे डोळे, किंवा पाण्याचा घोटही टिकत नाही आणि लघवी होत नाही, तर ओवा खात बसू नका राव. पुढचं इंजेक्शन पण घेऊ नका.

जर्सीकर

इकडे न्यू जर्सीत आमच्या मराठी मंडळाच्या अर्ध्या लोकांच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या शेजारी हे इंजेक्शनचं पेन आहे, कोणी बोलत नाही एवढंच. गणपतीच्या पंगतीत ज्याच्या पानात अर्धाच मोदक, तो घेतोय समजायचं.

सडक्या अंड्याच्या ढेकरांवर माझा अनुभव, रात्रीची अंडी, कोबी, फ्लॉवर, लसूण आणि सोडावॉटर बंद केलं आणि सात वाजता जेवायला लागलो, दोन आठवड्यांत गेले. गंधकवाले पदार्थ पोटात जास्त वेळ पडून राहिले की तो वास येतो असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. अंडी सकाळी खातो, तेव्हा काही होत नाही.

आणि एकदम बंद करू का या प्रश्नावर, पेठेतले साहेब ज्या चाचणीबद्दल लिहितात त्यातल्याच काही लोकांना औषध थांबवल्यावर वर्षभर बघितलं, उतरलेल्या वजनातलं सुमारे दोन तृतीयांश परत आलं. मी पण इन्शुरन्सने हात वर केल्यावर पाच महिने थांबलो होतो, ९ किलो परत. आणि पुन्हा सुरू करताना जुन्या डोसवर उडी मारली, तीन दिवस बेसिनला मिठी मारून होतो. मधे खंड पडला तर खालच्या डोसपासून चढायचं असतं, हे मला नंतर कळलं.

सोनचाफा

सगळ्यांचे खूप खूप आभार, आठवड्याने येतेय कारण बरंच काही घडलं.

दादा, गोळी ग्लिमेपिराइडच निघाली. बुधवारी मीटर पर्समध्ये टाकून नेलं. चार वाजून दहा मिनिटांनी हात थरथरायला लागले, टेबलाखाली बोट टोचलं, ५८! मी तर गारच पडले. साखर ऑफिसच्या पॅन्ट्रीत होती ती तीन चमचे ढवळून घेतली, पंधरा मिनिटांनी ८१. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि तुम्ही सांगितलं तसं पहिलं वाक्यच "माझी शुगर ५८ आली" असं म्हटलं, त्या मुलीने दोन मिनिटांत जोडून दिला. त्यांनी ती गोळी बंद केली, मेटफॉर्मिन चालू, आठवडाभर रोज सकाळी आणि चारला शुगर लिहून पाठवायला सांगितली. बीपी पण उभं राहून मोजायला लावलं, ते खाली येत होतं म्हणून ती गोळी अर्धी केली. म्हणाले तुम्ही आधी का नाही सांगितलंत. आता काय सांगणार, मी सांगत होते मळमळ.

गेल्या चार दिवसांत चारला थरथर नाही.

५ एमजीवरच राहायचं ठरलंय दोन महिने तरी. वार शुक्रवार केला, त्यांनी हो म्हटलं. रविवारचं मटण म्हणाल तर हो, पेठेतले, तुमचा नेम अचूक होता, रविवारी दुपारी मटण भाकरी आणि संध्याकाळी इंजेक्शन हाच आमचा शिरस्ता. या रविवारी दोन तुकडे आणि अळणी रस्सा वाटीभर घेतला, वरचा तवंग चमच्याने काढून. नवरा माझ्या वाट्याचे बाकीचे तुकडे खाताना जरा जास्तच आनंदी दिसला. सोमवारी मुंब्रा आलं आणि गेलं, मी खिडकीत बसून आल्याचा तुकडा चघळत होते. मळमळ आहे, पण उतरून बसावं लागलं नाही.

इसबगोल दोन ग्लास पाण्याने घेते, एक दिवसाआड पोट साफ होतंय. ढेकर अजून येतात पण अंड्याचे नाहीत.

आता एकच, पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे नगरला, चार दिवस मुक्काम, मे महिना. पेन कसं न्यायचं? त्यांच्या फ्रिजवर माझा भरवसा नाही, लाईट सारखी जाते.

मेडिकलवाला_सांगली

५८ वरून सुटलात, बरं झालं. पुढचे काही दिवस मीटर पर्समध्येच राहू दे.

सुरू केलेलं पेन ३० डिग्रीच्या खाली असेल तर ३० दिवस फ्रिजबाहेर चालतं, पण मे महिन्यात नगरला ३० डिग्री घरात सुद्धा मिळणार नाही. इन्सुलिनच्या थंड पिशव्या मिळतात त्यात न्या, किंवा रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये. बर्फाला पेन टेकता कामा नये, मधे जाड टॉवेल गुंडाळा, कारण एकदा गोठलं की ते औषध फेकायचंच, वितळल्यावर पुन्हा चालत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका. लाईट नसेल तर जुनी पद्धत, मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात पेन प्लास्टिकच्या डब्यात, वर ओलं फडकं, आणि मडकं सावलीत. आमच्याकडे खेड्यातली इन्सुलिनवाली मंडळी अजून असंच करतात. आत एक थर्मामीटर ठेवून बघा.

लग्न कुठल्या वारी आहे?

सोनचाफा

रविवारी. शुक्रवारचं इंजेक्शन तिथेच घ्यावं लागणार आणि रविवारी पंगत..

पेठेतला

जिलबी मठ्ठा असेल तर मठ्ठा घ्या. जिलबी नवऱ्याला द्या, तो तयारच आहे.

अनामिका_ठाणे

आणि वाढप्याला नाही म्हणायची सोपी युक्ती, वाढायला स्वतः उभं राहायचं. मी मागच्या तीन लग्नांत मसालेभात वाढलाय.